डॉक्टरीणबाईंना विचारा : बोट लागली की आधी त्यांची तपासणी

या महिन्याच्या टपालात अठरा पत्रं होती. त्यातली अकरा मूल होत नाही म्हणून लिहिलेली; नऊ बायकांची, एक आजीबाईंचं आणि एक, फक्त एक, पुरुषाचं. ते एक मी मुद्दाम छापायला घेतलंय. सगळ्यात मोठं उत्तर मात्र हर्णैच्या ताईंना, कारण त्यांनी रिपोर्टांच्या स्वच्छ झेरॉक्स जोडल्यात. (इतरांनीही जोडाव्यात. मोबाइलवर काढलेले अर्धे कापलेले फोटो माझ्या चष्म्याला झेपत नाहीत.)

प्रश्न : डॉक्टरीणबाई, मी हर्णैची. वय ३३, लग्नाला ११ वर्षं झाली. मिस्टर बोटीवर तांडेल आहेत, एकदा गेले की आठ-दहा दिवस समुद्रात. सतराव्या वर्षी मला मानेला गाठी आल्या होत्या, सहा महिने क्षयाच्या गोळ्या घेऊन बऱ्या झाल्या. लग्नानंतर दोन वर्षांनी उपचार सुरू केले, तेव्हापासून चार ठिकाणी अंडं वाढायच्या गोळ्या खाल्ल्या. गेल्या दिवाळीत ट्यूबचा एक्स-रे काढला तर दोन्ही नळ्या बंद. आता आयव्हीएफ करा म्हणतात. एका कॅम्पला गेले होते, तिथं 'शंभर टक्के' म्हणाले आणि त्याच दिवशी ॲडव्हान्स मागितला. मिस्टरांची तपासणी झालेली नाही. ते म्हणतात, मी एकटा जाळं ओढतो, मला काय धाड भरलीय? सासूबाईंनी देवाला कौल लावला, उजवा मिळाला, म्हणून त्या म्हणतात अजून एक वर्ष थांब. आयव्हीएफमध्ये नक्की करतात काय? मूल आमच्याच रक्ताचं असतं का? शहरात किती दिवस राहावं लागेल? नंतर झोपून राहावं लागतं का?

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नांच्या आधी माझा एक. तुमची सोनोग्राफी सात वेळा झाली, रक्त किती वेळा काढलं त्याची गणती नाही, एक्स-रेच्या टेबलावर कळ सोसून झाली. आणि जिला सुई लागत नाही, जी दुखत नाही, काही शे रुपयांत होते, ती एकच तपासणी अकरा वर्षांत राहिली? जाळं ओढायची ताकद दंडात असते. शुक्रजंतूंचा दंडाशी काही संबंध नाही. गावच्या कबड्डी संघाच्या कप्तानाचा शून्य काउंटचा रिपोर्ट मी माझ्या हातानं उघडलाय.

या दुर्लक्षात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. दापोलीत दवाखाना उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका बाईंना मी तब्बल चौदा महिने अंडं वाढायच्या गोळ्या दिल्या. नवरा मुंबईला, सुट्टीपुरता यायचा. 'पुढच्या खेपेला तपासू' असं तोही म्हणत राहिला आणि मीही. तपासलं तेव्हा एकही शुक्रजंतू नव्हता. बाईंचं वय छत्तीस. त्यांचे चौदा महिने मी फुकट घालवले, आणि छत्तिशीतले चौदा महिने विशीतल्या चौदा महिन्यांसारखे नसतात. त्यानंतर पुढची सगळी वर्षं नवऱ्याचा रिपोर्ट टेबलावर आल्याशिवाय मी बायकोला गोळी लिहिली नाही. एकदा यावरून एका सासऱ्यांनी माझ्या दारात उभं राहून अर्धा तास भाषण केलं. मी चहा दिला, गोळी दिली नाही.

तर तांडेलांना सांगायचं ते असं. बोट लागली त्याच दिवशी लॅबला पळायचं नाही. आठ-दहा दिवसांच्या खंडानंतरच्या वीर्याच्या नमुन्यात मेलेले आणि मंदावलेले जंतू जास्त दिसतात. खंड दोन ते सात दिवसांचा हवा. म्हणजे घरी आल्यावरची पहिली रात्र तुमची दोघांची, मग तीन दिवस थांबून नमुना. लॅबमध्येच दिला तर उत्तम. घरून न्यायचा तर तासाभरात पोचला पाहिजे, अंगाशी धरून, मासळीच्या पेटीतून नाही. (हसू नका. एकानं बर्फात घालून आणला होता.) एका मिलिलीटरमध्ये १ कोटी ६० लाख जंतू ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतली खालची रेघ आहे. त्याहून कमी आले तर दोनेक महिन्यांनी पुन्हा तपासायचं, एका रिपोर्टावर निकाल लावायचा नाही. शुक्रजंतू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. आज तंबाखू सोडली तर फरक आत्ता एप्रिलमध्ये नाही, जूनच्या अखेरीला दिसेल. आणि तासन्‌तास तापलेल्या इंजिनाला टेकून बसणं कमी करावं. अंडकोष शरीराच्या बाहेर दिलेत ते थंड राहावेत म्हणूनच.

आता तुमच्या नळ्या. मानेच्या गाठींचा उल्लेख तुम्ही सहज केलात, पण माझं लक्ष तिथंच अडकलं. क्षयाचा जंतू रक्तातून गर्भनलिकांत जाऊन बसतो, बऱ्याचदा कसलीही कळ न देता. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. म्हणून पैसे भरण्याआधी गर्भाशयात दुर्बीण घालून आतलं अस्तर पाहून घ्या. आयव्हीएफ बंद नळीला वळसा घालतं, खराब अस्तराला घालू शकत नाही. गर्भाला शेवटी तिथंच रुजायचंय. दुसरं, तुमच्या एक्स-रेत उजव्या नळीपुढे 'हायड्रोसाल्पिंक्स' असं लिहिलंय. म्हणजे नळीत पाणी साठून ती फुगलीय. ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि गर्भाला रुजू देत नाही. अशी नळी आधी दुर्बिणीतून काढून टाकतात किंवा गर्भाशयापाशी बंद करतात, मगच गर्भ सोडतात. कॅम्पवाल्यांनी याबद्दल एक शब्द तरी काढला का? नसेल तर त्यांनी तुमचा रिपोर्ट वाचलेला नाही, पाकीट वाचलंय.

आयव्हीएफमध्ये काय करतात ते तुम्हा खाडीकाठच्या लोकांना लगेच कळेल. खाडीच्या मुखावर वाळू साचली की बाहेरची होडी आत येत नाही, आतली बाहेर जात नाही. तुमचं अंडं दर महिन्याला तयार होतं, फुटतं. पलीकडून शुक्रजंतू येतात. दोघांच्या भेटीची जागा नळी, तीच बुजलेली. गोळ्यांनी आतल्या होड्या वाढल्या, वाट उघडली नाही. आयव्हीएफसुद्धा वाळू उपसत नाही. ते अंडी बाहेर काढून घेतं, शुक्रजंतूंशी त्यांची गाठ बाहेर घालून देतं आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात नेऊन ठेवतं. पुढचे नऊ महिने तुमचेच.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहाएक दिवस रोज पोटाच्या कातडीत बारीक सुईनं इंजेक्शन घ्यायचं. एरवी महिन्याला एकच अंडं पिकतं आणि त्याच्या सोबतीनं निघालेली बाकीची सुकून जातात. या औषधानं तीही वाढतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. इंजेक्शन तुम्ही स्वतः टोचायला शिकू शकता. एकच सांगते : ती औषधं फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायची असतात, आणि पावसात आपल्याकडे लाइट जाते तेव्हा बायका ती बर्फात गाडतात. हर्णैला बर्फाला तोटा नाही, म्हणूनच बजावते. गोठलेलं औषध बाद होतं. थर्मासमध्ये, बर्फ आणि औषध यांच्यामध्ये जाड फडकं घालून ठेवा.

अंडी पुरेशी वाढली की शेवटचं, 'ट्रिगर'चं इंजेक्शन. इथं घड्याळ सुरू होतं. ट्रिगर रात्री साडेदहाला घेतलं तर अंडी परवा सकाळी साडेआठ-साडेनऊला काढायची, चौतीस ते छत्तीस तासांच्या आत. उशीर झाला तर ती पोटातच फुटून जातात. एका जुलैत मी पाठवलेलं एक जोडपं ट्रिगर घरीच घेऊन पहाटे गाडीनं निघालं आणि घाटात दरड कोसळली. सात तास गाडीत बसून होते. दहा दिवसांची इंजेक्शनं, कर्जाचे पैसे, सगळं त्या घाटात गेलं. म्हणून मुंबई असो, पुणे असो की कोल्हापूर, तिसऱ्या-चौथ्या इंजेक्शनापासून नातेवाइकांकडे जाऊन राहा. बहीण, नणंद, कोणाच्याही घरी चालेल, फक्त मधे घाट नको. एकंदर पंधरा दिवस धरून चाला.

अंडी काढताना थोडी भूल देतात. योनीमार्गातून सोनोग्राफीवर बघत सुईनं काढतात, पंधरा-वीस मिनिटांत होतं, टाका नाही, संध्याकाळी घरी. त्याच दिवशी मिस्टरांचा नमुना लागतो. ते समुद्रात असतील तर आधीच देऊन गोठवून ठेवता येतो, तेव्हा 'यांना सुट्टी नाही' ही सबब चालणार नाही.

मूल आमच्याच रक्ताचं का, या प्रश्नाचं उत्तर लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं. अंडं केवढं, तर मिलिमीटरचा दहावा भाग. ते बशीत शुक्रजंतूंसोबत ठेवून ३७ अंशांच्या उबेत रात्रभर राहू देतात. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली अंड्यात दोन गोल दिसले की फलन झालं : एक गोल तुमचा, एक त्यांचा. तिसऱ्या कोणाचं काही त्यात नाही. नमुने बदलतील अशी धास्ती असेल तर विचारा, की बशीवरचं नाव प्रत्येक टप्प्याला दोघं जण मिळून तपासता का. चांगल्या लॅबमध्ये तपासतात, आणि या प्रश्नाचा त्यांना राग येत नाही.

पुढे मात्र गळती असते, ती मनात धरून जा. बारा अंडी निघाली तर समजा दहा पिकलेली, त्यातल्या सातांत फलन, आणि पाचव्या दिवसापर्यंत तीन गर्भ टिकले, असं हे कमी कमी होत जातं. यात कुणाचा हलगर्जीपणा नसतो. निसर्गातही हेच होतं, फक्त तिथं कोणी मोजत नाही. टिकलेल्यांतला एक बारीक नळीनं गर्भाशयात सोडतात, भूलही लागत नाही. उरलेले उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. कायद्यानं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. पहिला प्रयत्न फसला तर इंजेक्शनांपासून पुन्हा सुरुवात नको. बारा-चौदा दिवसांनी रक्ताची बीटा तपासणी, म्हणजे दिवस गेलेत का ते पाहायची. त्याआधी घरच्या पट्टीवर बघत बसू नका, ट्रिगरच्या औषधानं ती खोटी रेघ दाखवू शकते.

झोपून राहायची गरज नाही. गर्भाशयाच्या दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. घडी घातलेल्या घावनात अडकलेला तीळ उठून बसल्यानं पडतो का? रिक्षाच्या धक्क्यांनी गर्भ पडत नाही. विश्रांतीनं यश वाढत नाही हे तपासून पाहिलेलं आहे. दोन आठवडे छताकडे बघत पडून राहिल्यानं फक्त डोकं फिरतं. एका गोष्टीला मात्र घाबरा : अंडी काढल्यानंतर पोट फुगायला लागलं, उलट्या होतात, लघवी कमी झाली, धाप लागते, असं झालं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

'शंभर टक्के' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तुमच्या वयाला, स्वतःच्या अंड्यांवर, गर्भाशय नीट असेल तर एका गर्भामागे साधारण दहातल्या तीन-चार जणींना मूल हाती लागतं. चाळिशीनंतर ते दहात एकाच्या आसपास येतं, पुढे आणखी खाली. खर्च औषधांसकट आजच्या घडीला एका खेपेला दीड ते अडीच लाख. गर्भ गोठवणं, पुन्हा सोडणं, भूल, यांचे आकडे वेगळे लिहून मागा. २०२१ च्या कायद्यानं प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, तो दाखला भिंतीवर दिसला पाहिजे. आणि जायच्या आधी दोघांनी ठरवा, किती खेपा करायच्या. रिपोर्ट हातात घेऊन रडताना ते ठरवता येत नाही.

राहिला कौल. मी चेष्टा करणार नाही, आमच्या घरीही गाऱ्हाणं घालतात. पण सासूबाईंना एवढं विचारा, की देवाला त्यांनी काय विचारलं? मूल होईल का, हेच ना? देव हो म्हणाला. वर्षभर थांबा असं कोण म्हणालं? १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तांडेल घरी. एप्रिलमध्ये त्यांची तपासणी, मेमध्ये तुमची दुर्बीण आणि त्या फुगलेल्या नळीचा बंदोबस्त, जूनच्या पाळीला इंजेक्शनं. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात जाईल तोवर तुमचे गर्भ लॅबमध्ये तयार असतील.

प्रश्न : मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, राहायला नालासोपाऱ्याला. वय ३६. काउंट ३० लाख, हालचालही कमी. बायकोचं सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात इक्सी करावं लागेल. दोष माझा आणि सुया तिला, हे मनाला पटत नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकतीस वर्षांत हे वाक्य किती नवऱ्यांच्या तोंडून ऐकलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

सुया तिला लागतात कारण अंडी तिच्या पोटात आहेत आणि ती काढल्याशिवाय काम होत नाही. तुमचा नमुना बाहेर मिळतो, तिचा मिळत नाही, इतकं सरळ आणि इतकं अन्यायाचं. साध्या आयव्हीएफमध्ये एका अंड्याभोवती हजारो शुक्रजंतू सोडतात आणि आत शिरायचं ते एकानं स्वतःच्या जोरावर. तुमच्याकडे संख्याही कमी आणि जोरही. इक्सीत एकच धडका शुक्रजंतू निवडून काचेच्या सुईनं थेट अंड्यात घालतात. ही युक्ती ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यशस्वी केल्याचं जाहीर केलं. त्याआधी तुमच्यासारख्या रिपोर्टावर परक्याचं बीज किंवा दत्तक, एवढंच मी सांगू शकत असे. पण इक्सी करण्याआधी एकदा यूरॉलॉजिस्टला दाखवा. अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील तर त्यावर उपाय आहे. रिपोर्टही पुन्हा करा.

आणि इंजेक्शनं तिला तुम्ही द्यायला शिका. ते तुमच्या हातात आहे.

प्रश्न : (नाव नाही, शिक्का देवरुखचा) पहिल्या दोन मुली आहेत. आयव्हीएफ करून मुलगाच होईल असं बघता येतं का?

उत्तर : नाही. १९९४ च्या आणि २०२१ च्या, दोन्ही कायद्यांनी तो गुन्हा आहे, आणि कोणी खाजगीत 'होतं' म्हणाला तर तो तुरुंगाच्या वाटेवरचा माणूस आहे. मुलींना माझा आशीर्वाद सांगा.

प्रश्न : माझ्या नातसुनेनं ते टेस्ट-ट्यूबचं केलंय, सातवा लागलाय. नळीतलं मूल नाजूक असतं का? आणि पत्रिकेला वेळ कुठली धरायची, नळीतली की जन्माची? — एक आजी, देवगड

उत्तर : आजी, नळी नावापुरतीच. असते ती छोटी काचेची किंवा प्लॅस्टिकची बशी, आणि त्यात बाळ फक्त पहिले पाचेक दिवस राहतं. जगातलं असं पहिलं मूल, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडात ओल्डहॅम गावी जन्मलं. ती आज पन्नाशीकडे झुकलीय आणि स्वतः आई आहे, तिला मूल राहिलं ते नेहमीसारखं, बिनबशीचं. तिला जन्माला आणणाऱ्यांपैकी रॉबर्ट एडवर्ड्‌सना त्यासाठी २०१० मध्ये नोबेल मिळालं.

आपल्याकडे मात्र हा इतिहास कडू आहे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुर्गा नावाची मुलगी जन्माला आणली, तीही गोठवलेल्या गर्भातून. साधनं अपुरी, पण डोकं मोठं. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, बाहेर जाऊन बोलू दिलं नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षा जन्मली, तेव्हा मी मुंबईत शिकत होते. वसतिगृहात त्या दिवशीच्या पेपरवरून मुलींची भांडणं झाली. देशातलं पहिलं म्हणून ते श्रेय केईएमला मिळालं. पुढे १९९७ मध्ये याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणं वाचली आणि जाहीर सांगितलं की पहिले ते, आम्ही नव्हे. स्वतःच्या हातचा मान असा काढून देणारा माणूस मला आयुष्यात दुसरा दिसलेला नाही.

तेव्हा काळजी नको. एकच बाळ असेल तर इतर गरोदरपणांसारखंच सांभाळा. जुळी असतील तर दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात, म्हणून आठवा लागला की मोठ्या हॉस्पिटलच्या जवळ राहायला न्या. ओवाळणं, चोरओटी, डोहाळजेवण सगळं करा, पोरीला फार लोकांत बसवून दमवू नका.

पत्रिकेला जन्माचीच वेळ धरायची. लॅबच्या वहीत अंडं-शुक्रजंतू एकत्र केल्याची वेळ लिहिलेली असते खरी, मिनिटासकट, पण ती कुठल्या गुरुजींनी मागितल्याचं अजून माझ्या ऐकिवात नाही.